चन्नम्माच्या दोन्ही हातांच्या दाखल्याबाबत

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब,
जिल्हा बीदर.

अर्जदार : चन्नम्मा, वय अंदाजे अडतीस, राहणार भालकी, गोणपाट-सुतळीवाल्यांच्या घरची थोरली सून.

विषय : अर्जदारणीचे दोन्ही हात निर्दोष असल्याचा सरकारी दाखला अक्षय्य तृतीयेच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : नाही. अशा विषयावर यापूर्वी कोणी अर्ज केल्याचे हा अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाच्या ऐकिवात नाही.

महोदय,

१. वर नाव दिलेल्या अर्जदारणीने आज सकाळी भालकीच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून सांगितलेली हकीकत खाली लिहिली आहे. अर्ज उर्दूत करण्याचा रिवाज आहे, हे अर्जनवीसाने तिला दोन वेळा समजावले. तिने ऐकले नाही. लिहिलेले आपल्याला वाचून दाखवले पाहिजे आणि वाचलेले आपल्याला कळले पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता. म्हणून अर्ज मराठीत आहे. उर्दू तर्जुमा कचेरीने मागितल्यास त्याचे पैसे ती वेगळे देईल. दर चार ओळींना ती "परत वाचा" म्हणते आणि पटले नाही तर खोडायला लावते. तेव्हा कागदावर जी खाडाखोड दिसेल ती अर्जदारणीची समजावी. अर्जनवीसाचे अक्षर तालुक्यात नावाजलेले आहे.

२. अर्जदारणीच्या घरात सासू सिद्धव्वा, अर्जदारणीचे यजमान, धाकटे दीर भीमण्णा, जाऊ आणि अर्जदारणीची एकुलती एक मुलगी नागव्वा अशी माणसे आहेत. घराचे गोणपाट व सुतळीचे दुकान आहे आणि त्यावर सगळ्यांचे नीट भागते. घरात लिहिता-वाचता येते ते फक्त यजमानांना. मराठी, कानडी, उर्दू तिन्ही येते. भीमण्णाला तराजू येतो, बाकीच्यांना तोही येत नाही. ही बाब साहेबांनी ध्यानात ठेवावी अशी विनंती आहे, कारण पुढे जे जे घडले ते यामुळेच घडू शकले.

३. सुमारे चार वर्षांपूर्वी, श्रावणात, गुलबर्ग्याकडचा एक दलाल रेल्वेने भालकीस आला. त्याचे नाव अर्जदारीण जाणत नाही. त्याच्याजवळ त्याच सालच्या नव्या ठशाचे, कोणाच्याही हाती न फिरलेले, कोरे हाली रुपये, म्हणजे आपल्या संस्थानच्या टांकसाळीचे रुपये, होते. एकेक रुपया तांबड्या पतंगी कागदात गुंडाळलेला. त्याचे म्हणणे असे की लढाई संपली म्हणजे मुंबई-पुण्याचे नाणी जमवणारे शौकीन पहिल्या सालचा कोरा रुपया शोधत फिरतील आणि एकाचे पाच देऊन घेऊन जातील. बाजारातला फिरलेला रुपया रुपयाच राहील, पण कोरा रुपया दरसाल वाढत जाईल. ही गोष्ट त्याने ओसरीवर चहा पीत अशा थाटात सांगितली की चहा आणून देणारी अर्जदारीणही दाराशी थांबून ऐकत राहिली.

४. यजमानांनी एकशे एक रुपये घेतले, दर नगास सव्वा रुपया देऊन. त्यातला मोठा वाटा सासूचा होता. सिद्धव्वाने आपल्या मरणाच्या खर्चासाठी, म्हणजे समाधीची जागा, जंगमाची दक्षिणा आणि गावजेवण यांसाठी, पंचवीस वर्षे पैसे साठवून ठेवले होते. ती त्यांना 'मातीचे पैसे' म्हणे. यजमान आईला म्हणाले, "अव्वा, तू काय लगेच मरायलीस का? पाच वर्सं थांब. मंग तुझी माती अशी करू की बीदरची माणसं बघाया येतील." सासू हसली आणि तिने गाठोडे सोडले. अर्जदारीण सांगते की त्या दिवशी घरात जेवढा आनंद झाला तेवढा नागव्वाच्या जन्मालाही झाला नव्हता. पाचशे रुपये घरात आलेच असे धरून भीमण्णाने माडी कोठे बांधायची तेही पावलांनी मोजून ठेवले.

५. रुपयांच्या डब्यात दलालाने एक उर्दू चिठ्ठी ठेवली होती. तिच्यात लिहिले होते की नाण्यांना उघडा हात लावू नये, ती धुऊ नयेत, घासू नयेत. यजमानांनी ती चिठ्ठी वाचली आणि घडी करून डब्याच्या तळाशी ठेवली. अर्जदारणीला ते एवढेच म्हणाले, "नवा माल हाय. जपून ठेव." या पाच शब्दांपलीकडे तिला काहीही सांगितले गेले नाही. हे वाक्य तिने अर्जनवीसाकडून तीन वेळा वाचून घेतले आहे आणि ते असेच राहावे अशी तिची सक्त ताकीद आहे.

६. दिवाळी आली. आता या भागात लक्ष्मीपूजेला नाणे मांडायचे तर ते चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासून, धुऊन, पुसूनच मांडतात, हे साहेबांना सांगायला नको. पारोसे नाणे लक्ष्मीपुढे ठेवणारी बाई भालकीत सापडायची नाही. आणि नवे नाणे टांकसाळीतून आले म्हणून काय झाले? तिथे कोणाकोणाचे हात लागले असतील, ते कोणी सांगावे! अर्जदारणीने सकाळपासून बसून एकशे एक रुपये घासले. कोऱ्या रुपयाची कड नव्या विळीसारखी असते. दुपारपर्यंत तिच्या दोन्ही हातांची बोटे सोलून निघाली आणि चिंचेचा कोळ त्यात असा झोंबला की डोळ्यांना पाणी आले. तरीही तिने एकही रुपया अर्धवट सोडला नाही. पूजा झाल्यावर प्रत्येक रुपया ज्याच्या त्याच्या तांबड्या कागदात परत गुंडाळून कागदावर तिने आपल्या बोटाने हळदीचा एकेक ठिपका दिला. घरच्या लक्ष्मीवर एवढी खूण तरी असावी म्हणून. यजमान तेव्हा ओसरीवरच होते. त्यांनी धुताना पाहिले, ठिपके देताना पाहिले, आणि प्रसादाचे चुरमुरे खाऊन दुकानात गेले.

७. पुढच्या सालच्या दिवाळीला डबा पुन्हा उघडला. कागद तांबडेच होते पण नवे होते, ठिपके नव्हते. विचारल्यावर यजमान म्हणाले, जुन्या कागदांना वाळवी लागली म्हणून बदलले. अर्जदारीण घासायला बसली. या खेपेस बोटाला काहीच झाले नाही. शंभरावर रुपये धुऊन झाले तरी एक ओरखडा नाही, चिंच झोंबली नाही. तिने आपण होऊन म्हटले, "यंदा रुपये चावंनात कामून?" यजमान म्हणाले, "रुपये त्येच हायती. तुझे हात राठ झाले." अर्जदारणीने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. ते खरेच राठ झालेले होते. गोणपाट शिवणाऱ्या बाईचे हात आणखी कसे असणार? तिला ते पटले. साहेब, तिला ते पटले, ही गोष्ट सांगताना ती लिंबाखाली पहिल्यांदा रडली. पुढची सगळी हकीकत तिने कोरड्या डोळ्यांनी सांगितली आहे.

८. त्यानंतरच्या संक्रांतीला तोच दलाल पुन्हा आला. भाव वाढला असेल तर थोडे काढावे, असे भीमण्णाच्या मनात होते. दलालाने पाच-सहा कागद सोडले, रुपया उजेडात धरला, कडेवरून नख फिरवले आणि सगळे डब्यात परत टाकले. म्हणाला, हे कोरे नव्हेत, कडा गेलेल्या आहेत, याला रुपयाच्या वर कोणी छदाम देणार नाही, कोणी घासले हे? त्यावर सासूने वळून अर्जदारणीकडे पाहिले. मग भीमण्णाने पाहिले, जावेने पाहिले. अर्जदारणीने यजमानांकडे पाहिले. यजमान म्हणाले, "मी हिला चिठ्ठी वाचून दाखवली व्हती. धुऊ नको म्हणून सांगितलं व्हतं."

अर्जदारीण त्या वेळी काही बोलली नाही. तिला वाटले, सांगितले असेल, आपणच विसरलो. नवरा चारचौघांत खोटे बोलेल, तेही आपल्या बायकोवर घालून, असे तिच्या मनात आलेच नाही. आता तिला त्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

९. नुकसान किती झाले, असे कचेरी विचारील. अर्जनवीसाने ते तिला विचारले. रुपये एकशे एक होते ते एकशे एक आहेत. वर दिलेले पंचवीस गेले. बाकी जे बुडाले ते कधी हातात आलेच नव्हते. पण पंचवीस रुपयांसाठी त्या घरात कोणी रडले नाही. जी माडी बांधायची होती आणि जे गावजेवण व्हायचे होते, त्यांच्यासाठी महिनाभर रडारड झाली. सासूने तर उंबऱ्यात बसून म्हटले, "हिचा हात लागला आन् चांदीची माती झाली. माझ्या मातीचा पैसा हिनं मातीत घातला." हे शेजारणींनी ऐकले आणि पुढच्या आठवड्यात पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक होते.

१०. तेव्हापासून दोन वर्षे तीन महिने अर्जदारीण स्वतःच्या घरात हात राखून आहे. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. दुकानाच्या गल्ल्याजवळ जायचे नाही. दुभत्या म्हशीच्या कासेला जाऊ बसते, अर्जदारणीने फक्त शेण काढायचे. शेणाला तिचा हात चालतो. शेजारी लग्न होते तेव्हा हळदीला ती गेली, तर नवरीच्या मावशीने गोड बोलून तिला पाट दिला आणि म्हटले, "अक्का, तुमी बसा, दमला असाल." ती बसली. सगळ्या बायकांनी हळद लावली आणि ती बसूनच राहिली. असे चार लग्नांत झाले. पाचव्या लग्नाला ती गेली नाही.

या सर्व काळात यजमान तिच्याशी चांगले वागत. हेही तिने लिहायला लावले आहे. बाजारातून येताना तिला पेढा आणत. आई फार बोलू लागली की, "जाऊ दे अव्वा, झालं ते झालं," असे म्हणून मध्ये पडत. अर्जदारणीला वाटे, केवढा मोठा मनाचा माणूस, आपण घर बुडवले तरी शब्दाने दुखवत नाही. त्यांच्यासाठी तिने दोन वर्षे सोमवारचे उपास धरले.

११. यंदा नागव्वाचे लग्न ठरले. कल्याणी गावच्या एका भुसार व्यापाऱ्याचा मुलगा आहे, घर चांगले आहे, मुलगी खुशीत आहे. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आहे. सासूने आधीच जाहीर केले की पोरीला हळद जाऊ लावील, आईने लांब बसावे, नव्या संसाराला बुडवणारा हात नको. अर्जदारणीने लेकीकडे पाहिले. तिला वाटले, ही तरी काही बोलेल. नागव्वा म्हणाली, "अव्वा, अज्जी म्हणती तसंच करू की. लगीन माझं हाय." सोळा वर्षांची पोर आहे, घाबरलेली आहे, तिच्यावर अर्जदारणीचा रोष नाही. पण ज्या हातांनी तिला न्हाऊ घातले ते तिने बाजूला केले, हे लिहून ठेवावे असे तिचे म्हणणे आहे.

१२. आता साहेबांनी कृपा करून नीट लक्ष द्यावे. मागच्या महिन्यात विहीणबाई साखर घेऊन आल्या. त्यांनी मुलीची ओटी भरली आणि ओटीत एक रुपया घातला. साधा नव्हे, जपून ठेवलेला. तांबड्या पतंगी कागदात गुंडाळलेला. आणि कागदावर हळदीचा एक ठिपका.

सासू, जाऊ व नागव्वा चहा करायला आत गेल्या, तेव्हा विहीणबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्याच घरचा हाय बरं का. तुमचे यजमान आमच्या गावाला गोण्याच्या कामानं आले व्हते, तवा त्यांच्याकडून पाच घेतले, दीड-दीड रुपया देऊन. म्हणले, लई वाढणार हायती. तवा काय ठावं, सोयरीक जुळंल म्हणून!" अर्जदारणीने विचारले, हे केव्हाचे? त्या म्हणाल्या, तीन वर्षे होतील, श्रावणात. म्हणजे पहिली दिवाळी होऊन गेल्यावर आणि दुसरी यायच्या आधी.

विहीणबाई शेंगदाण्याचे लाडू खात होत्या. अर्जदारणीने कागद सोडला आणि रुपयाच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला रक्त आले.

१३. एवढ्यावरून जे सिद्ध होते ते कचेरीसाठी स्पष्ट मांडणे अर्जनवीसाचे काम आहे. एक, ज्या रुपयावर ठिपका आहे तो अर्जदारणीने धुतलेला रुपया आहे, कारण धुतल्याशिवाय तिने ठिपका दिलाच नव्हता. दोन, तो धुतल्यानंतरही कोरा म्हणून दीड रुपयाला विकला गेला. म्हणजे अर्जदारणीच्या हाताने त्याची किंमत घटली नाही, उलट चार आणे वाढली. तीन, यजमानांनी एकशे एक रुपये परस्पर विकून त्यांच्या जागी त्याच सालचे बाजारात फिरलेले, झिजलेले रुपये नव्या कागदात बांधून ठेवले. दुसऱ्या दिवाळीला चिंच झोंबली नाही ती यामुळे. हात राठ झाल्यामुळे नव्हे. दलालाने जे झिजलेले पाहिले ते हजार लोकांच्या हातांनी झिजलेले होते आणि त्या हजारांचा दोष एकटीच्या हातावर आला. विकून आलेल्या पैशांचे यजमानांनी काय केले, हे तिला ठाऊक नाही. तिने ते विचारलेही नाही.

१४. तिने दुसरे विचारले. विहीणबाई गेल्यावर ती दुकानात गेली, गोणपाटांच्या मागे, जिथे भीमण्णाला ऐकू जात नाही, आणि तो रुपया यजमानांसमोर धरला. यजमानांनी हातातली सुतळी गुंडाळून संपवली. मग म्हणाले, "आत्ता गप बस. सोयऱ्यांपुढं नाक जाईल, पोरीचं मोडंल. लगीन पार पडू दे. मंग अव्वाला मी सोता सांगतो." अर्जदारीण म्हणाली, "लगीन पार पडल्यावर सांगून काय करू? हळद तर आधी असती." त्यावर त्यांनी तिला पेढ्यासाठी दोन आणे दिले.

ते दोन आणे तिने आज अर्जनवीसाला लिहिणावळ म्हणून दिले. अर्जनवीसाने घेतले आहेत. अर्जनवीस या धंद्यात तेवीस वर्षे आहे, त्याने जमिनीचे, मारामारीचे, पळवून नेल्याचे अर्ज लिहिले आहेत, पण दोन आण्यांचा एवढा संताप त्याला कधी आला नव्हता. ही ओळ त्याची स्वतःची आहे आणि अर्जदारणीने ती खोडायला सांगितलेली नाही.

१५. अर्जदारणीचे हात खरोखर निर्दोष आहेत की नाहीत, याबद्दल सरकारला शंका असल्यास तिची चाचणी देण्याची तयारी आहे. सरकारी खजिन्यातून एक नवा कोरा रुपया काढून साहेबांसमोर ठेवावा. ती तो चिंच-राखेने अकरा वेळा, वाटल्यास एकवीस वेळा घासून दाखवील. चिंच ती घरून आणील, सरकारला तोशीस पडणार नाही. पाणी मात्र कचेरीच्या आडाचे असावे, म्हणजे पाण्यात काही होते असे मागाहून कोणी म्हणणार नाही. नंतर साहेबांनी स्वतःचा अंगठा कडेवरून फिरवून पाहावा. अंगठ्याला इजा झाल्यास तिला क्षमा असावी, पण तोच तिचा पुरावा आहे.

१६. सबब विनंती की खालील मजकुराचा, सरकारी शिक्क्याचा दाखला अक्षय्य तृतीयेच्या आत, म्हणजे आजपासून अठरा दिवसांत, देण्याची मेहेरबानी व्हावी : "दाखला देण्यात येतो की चन्नम्मा राहणार भालकी हिच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांची चौकशी केली असता त्यांत कोणताही दोष आढळला नाही. सदर हातांनी चांदीची माती झालेली नाही. सदर हात लोणचे, गल्ला, दुभते जनावर आणि विशेषेकरून स्वतःच्या मुलीची हळद यांस लावण्यास सरकारची हरकत नाही." डाव्या हाताचा उल्लेख गाळू नये. रुपया घासताना उजवा घासतो पण धरतो डावा, आणि उद्या सासू डाव्याचे नाव काढील.

येथवर अर्ज पुरा झाला होता. अर्जनवीसाने शेवटची ओळ वाचून दाखवली आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. अर्जदारीण अंगठा करीना. तिने विचारले, दाखला कोणत्या भाषेत येतो? अर्जनवीस म्हणाला, उर्दूत. तिने विचारले, मग घरात तो वाचणार कोण?

साहेब, अर्जनवीसाने शाई मागे घेतली. वाचता येते ते एका यजमानांनाच. कचेरीचा दाखला घरी येईल, त्यांच्या हाती पडेल, आणि जशी दलालाची चिठ्ठी त्यांनी वाचली होती तसाच ते हाही वाचतील. काय वाचले ते त्यांनाच ठाऊक राहील. अर्जनवीसाने सुचवले की आपण येऊन वाचू. ती म्हणाली, "तुमी परके. अव्वा म्हणंल, पैसे देऊन वाचून घेतलं." हेही खरेच आहे.

१७. म्हणून अर्जदारणीच्या सांगण्यावरून कलम सोळातील विनंती मागे घेण्यात येत आहे. वर विषय तसाच राहिला आहे, कारण स्टॅम्प लावलेला कागद फाडून नवा घेण्याचे पैसे आज अर्जदारणीजवळ नाहीत आणि अर्जनवीसाला विषय खोडवेना. चाचणीही नको. एकशे एक रुपयांची वसुली नको, यजमानांना दंड नको, कैद तर मुळीच नको. मुलीच्या लग्नात बाप हजर असला पाहिजे. सोयऱ्यांना यातले काही कळवू नये. विहीणबाईंनी मुलीच्या ओटीत घातलेला रुपया पुरावा म्हणून सोबत जोडलेला नाही. ओटीत आलेले बाहेर कोणाला देत नाहीत. साहेबांना पाहायचाच असेल तर मुलीसह दाखवण्यात येईल.

विनंती आता एकच आहे. हळदीच्या आदल्या दिवशी सरकारचा एक माणूस भालकीस पाठवावा. त्याने काही वाचू नये, काही लिहू नये. अंगणात सासू सिद्धव्वा, दीर भीमण्णा, जाऊ आणि नागव्वा यांना बसवावे आणि यजमानांना सर्वांच्या देखत फक्त एवढे विचारावे की दलालाकडून घेतलेले कोरे रुपये कोठे गेले. उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने द्यावे, मराठीत द्यावे, आणि ते सिद्धव्वाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावे. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा माणसाने त्यांना तिच्या डाव्या बाजूस उभे करावे. त्यानंतर त्या घरातले जे म्हणतील ते अर्जदारणीला मान्य आहे. हळद लाव म्हणाले तर ती लावील. नाही म्हणाले तर ती लांब बसेल, पण मग आपण कशासाठी लांब बसलो ते तिला आणि त्या सगळ्यांना ठाऊक असेल.

१८. माणूस पाठवायचा तर कोणाला विचारायचे ते नाव कागदावर लागते. अर्जदारणीच्या यजमानांचे नाव अर्जनवीसाला माहीत आहे, अख्ख्या भालकीला माहीत आहे. तरी विचारणे भाग होते, कारण हकीकत तिची आहे. लग्नाला बावीस वर्षे झाली. या भागातल्या बायकांप्रमाणे तिने ते नाव आजवर उच्चारलेले नाही. तान्ही नागव्वा तापाने फणफणली आणि वैद्याने बापाचे नाव विचारले, तेव्हाही तिने शेजारणीला सांगायला लावले होते. नाव घेतले तर नवऱ्याचे आयुष्य कमी होते, असे तिला लहानपणी आईने सांगितलेले आहे आणि तिचा त्यावर अजूनही विश्वास आहे, हे तिने अर्जनवीसाला स्वच्छ सांगितले.

मग ती उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून नीट केला आणि लिंबाखाली बसलेल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिवा. शिवशंकरप्पा."

अर्जनवीसाने ते लिहिले. तिने परत वाचायला सांगितले नाही.

साहेबांच्या माणसाची हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत वाट पाहणारी,

चन्नम्मा, भालकी
(डाव्या व उजव्या दोन्ही हातांचे अंगठे, तिच्या आग्रहावरून)

लिहिणार : राघोबा, अर्जनवीस, कचेरीसमोर, भालकी

तारीख १२ खुर्दाद १३५५ फसली (इसवी सन १९४६)

सोबत :
१. झिजलेला हाली रुपया, नग एक, तांबड्या कागदात, ठिपका नाही.
२. दलालाची उर्दू चिठ्ठी, डब्याच्या तळाशी होती ती. अर्जनवीसाने ती आज अर्जदारणीला पहिल्यांदाच वाचून दाखवली.